सुतळीवरचा बोर्ड

"काकी, डावी बाजू वर घ्या. अजून थोडी. बास! आता उजवी खाली आली."

"तुझ्या मोबाईलमध्ये आली असेल खाली. इथं सरळ आहे," मी स्टुलावरून म्हणाले.

खरं तर बोर्ड सरळ आहे की वाकडा, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. फोटो निघाला की तो उतरवायचाच होता. म्हणून तर भिंतीत खिळे न ठोकता दारावरच्या गजाला सुतळीने बांधत होते. तनुजा एका हाताने स्टूल धरून दुसऱ्या हाताने मोबाईल डोळ्यासमोर धरत होती, आणि मी सुतळीच्या प्रत्येक वेढ्यागणिक गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघत होते. माझ्याच दारावर माझ्याच नावाचा बोर्ड, आणि थाट सगळा चोरी करतानाचा.

विट्याच्या सराफ गल्लीला त्या दिवशी सुट्टी होती. सगळी शटर खाली. जेवणं उरकून माणसं पडलेली. समोरच्या पायरीवर एक कुत्रं तेवढं जागं होतं आणि तेही आमच्याकडे बघून कंटाळलं होतं. दिवस आणि वेळ दोन्ही नानाशेठनी निवडून दिले होते. "बोर्ड लाव, फोटो काढ, उतरव. कुणाच्या दृष्टीस पडता कामा नये," असं त्यांनी बजावलं होतं. हे नानाशेठ म्हणजे समोरच्या सराफी दुकानाचे मालक, आणि त्या वेळी माझ्या घरी चूल पेटत होती ती त्यांच्या कामावर. त्यामुळे त्यांचं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आम्ही पटवेकर. दागिने गाठवणं हा आमचा पिढ्यांचा धंदा. सराफ वाट्या विकतो, सोन्याचे मणी विकतो. पण काळ्या मण्यांत ते ओवून, गाठी मारून, बाईच्या गळ्यात पडेल असं डोरलं करून देतो तो पटवेकर. आमची पुढची खोली गल्लीवर उघडते, तरी माझे यजमान, रमाकांत, दिवसभर नानाशेठच्या दुकानाच्या पायरीवरच बसायचे. पुढ्यात पेटी, दोऱ्याला लावायचं मेण, आणि शेजारी गिऱ्हाईक. गिऱ्हाईक शेजारी असायचंच. डोरलं ओवायला दिलं की बाई तिथून हलत नाही. घरी पाहुणे येऊ देत नाहीतर दूध उतू जाऊ दे, डोरलं नजरेआड होऊ द्यायचं नाही. तेवढा वेळ गळा मोकळा राहू नये म्हणून पटवेकर हळदीत भिजवलेला दोरा देतो, त्यात एक काळा मणी. तो गळ्यात बांधून बाई समोर बसते आणि गावभरच्या गोष्टी सांगते. सगळ्या गावाची खबर रमाकांतना असायची आणि रात्री जेवताना ती मला मिळायची.

आदल्या वर्षी ते गेले. काविळीचं निमित्त झालं आणि आठवड्यात माणूस नाहीसा झाला. माझ्या गळ्यातलं उतरवलं तेव्हा मी मणी वेगळे आणि वाट्या वेगळ्या करून डबीत भरून ठेवले. बायका बघत राहिल्या. मला दुसरं काय करावं ते कळत नव्हतं, हाताला तेवढीच सवय होती.

ओवायला मला येत होतंच. लग्नसराईत आम्ही दोघं बसायचो. माझी लेक बारावीला होती, मागे कुणी नव्हतं, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी मी पेटी उचलली आणि नानाशेठच्या पायरीवर जाऊन बसले. पहिलीच बाई आली. पदराखालचं डोरलं काढायला तिने हात गळ्याशी नेला, मला बघितलं, आणि तसाच हात खाली आणून आत जाऊन "पैंजण दाखवा" म्हणाली. दुसरी आली तिने तर पैंजणही बघितले नाहीत. माझ्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

नानाशेठ माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. त्यांनी मला आत बोलावलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "वैजयंता, हट्ट करू नकोस. तू घरी बसून ओव. मी आणून देतो, मीच घेऊन जातो. गिऱ्हाइकाला सांगतो, सांगलीला एक कारागीर आहे, त्याच्याकडे पाठवतो."

तेव्हापासून मी सांगली झाले. संध्याकाळी दुकान बंद करून नानाशेठ यायचे, शर्टाच्या आतल्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढायचे, आणि चार दिवसांनी तशीच घेऊन जायचे. काम एका तासाचं असायचं, पण सांगलीला जाऊन यायला वेळ लागतो ना, म्हणून डोरलं माझ्या कपाटात चार दिवस पडून राहायचं. तिकडे ती बाई चार दिवस हळदीच्या दोऱ्यावर काढायची. मला वाईट वाटायचं, पण लेकीची फी भरली जात होती.

हेही असंच चाललं असतं. पण नानाशेठच्या सीएने त्यांना गाठलं. ओवणावळ कुणाला देता, त्याचं नाव काय, नोंद कुठे आहे? कच्च्या कागदावर चालणार नाही म्हणाला. मग नानाशेठच मला म्हणाले, "शॉप अ‍ॅक्टचा दाखला काढून घे. नुसता कागद. बाकी आपलं आहे तसंच."

मी रमाकांतचा जुना दाखला पिशवीत घालून तनुजाच्या सेवा केंद्रात गेले. ही पंचविशीतली मुलगी, एका टेबलावर कॉम्प्युटर, दुसऱ्यावर झेरॉक्स, आणि बोलणं दोन्हीपेक्षा जोरात.

"फक्त नाव बदल," मी म्हणाले.

तिने दाखला उलटसुलट करून बघितला. "काकी, हे बदलत नाही. हा काकांचा होता. एकट्याच्या मालकीचा धंदा त्या माणसाबरोबर संपतो. तुमचा नवा काढायचा."

"धंदा तोच आहे. पेटी तीच, खोली तीच."

"पण माणूस तुम्ही आहात ना आता," ती म्हणाली आणि टाईप करायला लागली. "धंद्याचं नाव काय टाकू?"

मी पिशवीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि आधार कार्डावरचं नावच टाकून दिलं. वैजयंता पटवेकर. मग म्हणाली, "आता दुकानाचा फोटो लागेल. मराठीतला बोर्ड, उघडं दार, समोर तुम्ही."

"बोर्ड कशाला? मी काही गिऱ्हाईक बोलवणार नाहीये."

"सरकारला काय माहीत तुम्ही बोलवणार नाही ते?"

तर असा तो बोर्ड. पिवळ्या फ्लेक्सवर लाल अक्षरं, 'वैजयंता पटवेकर' आणि खाली 'दागिने गाठवून मिळतील'. लग्नपत्रिकेनंतर माझं नाव एवढं मोठं कुठे छापलं गेलं नव्हतं. खाली फोननंबरही होता, तो तनुजानेच परस्पर घातला होता. मी रागावले तर म्हणाली, "फोटोपुरताच आहे ना? मग राहू दे की."

मी शेवटची गाठ मारली. पटवेकराच्या घरची गाठ, सुतळीवरही नीट बसली. तनुजा दोन पावलं मागे सरकली आणि मोबाईल वर धरला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून आवाज आला, "उघडं हाय का गं?"

"हो हो, उघडं आहे, या!" तनुजा म्हणाली. मी स्टुलावरून तिच्यावर डोळे वटारले, पण ती पाठमोरी होती.

चालत आली ती इंदूआक्का. आख्ख्या गावात दुसरी कुणीही बाई आली असती तरी मला चाललं असतं. सत्तरी ओलांडलेली, नवरा धडधाकट, मुलंबाळं, नातवंडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. विट्यात कुणाच्याही घरी लग्न असलं की नवरीला पहिली हळद इंदूआक्कांच्या हातची. त्या आल्या नाहीत तर नवरीच्या आईचा जीव थाऱ्यावर नसायचा. अशी ही बाई एका हाताने पदर गळ्याशी घट्ट धरून आणि दुसऱ्या हाताची मूठ आवळून माझ्या दारात उभी राहिली.

त्यांनी मान वर करून बोर्ड वाचायला सुरुवात केली. एकेक अक्षर सावकाश. "वैजयंता… पटवेकर… दागिने… गाठवून… मिळतील." मग बोर्डावरून नजर माझ्यावर आणली.

"म्हंजे नानाची सांगली ती हीच व्हय?"

 मला स्टुलावरून उतरायचं सुचलं नाही. एवढंच डोक्यात आलं की संपलं. संध्याकाळपर्यंत गावभर होईल, की इतके महिने गावच्या बायकांची डोरली या बाईच्या हातून ओवली जात होती. नानाशेठच्या दुकानावर बायका धावून जातील, नानाशेठ माझं काम बंद करतील, आणि लेकीला मी काय सांगणार?

"उतर की खाली," आक्का म्हणाल्या. "का वरनंच बोलणारैस? वाढलं गं माझं."

डोरलं तुटलं असं आमच्यात कुणी म्हणत नाही. ते वाढतं. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर दोन वाट्या, सोन्याचे मणी, काळ्या मण्यांचे तुकडे आणि एक मोडलेली सेफ्टी पिन.

"दोरा कवाच विरला हुता," त्या म्हणाल्या. "नानाकडं गेले, तर म्हणला सांगलीला धाडतो, चार दिस लागतील. मी म्हणलं, चार दिस डोरलं परगावी ठेवू? का मी एसटीनं त्याच्या मागं जाऊ? तवापासनं पिन लावून हिंडतीया. आज नळावर वाकले आन पिनच मोडली. गल्लीत आले तर सगळी शटरं खाली. संध्याकाळी नातीची हळद हाय. पहिला हात माझा. आता हे असं मोकळ्या गळ्यानं जाऊ?"

"आक्का," मी खाली उतरत म्हणाले, "दुकान उघडं नाहीये. हा बोर्ड फोटोपुरता आहे."

"दार उघडं हाय, बोर्ड हाय, तू हायस. अजून काय असतंय दुकान म्हंजे?"

तनुजा मागून हसली. मी तिच्याकडे बघितलं तशी गप्प झाली.

आक्का आत येऊन चटईवर बसल्याही. मी पाट पुढे ओढला, वाटी घेतली, मणी मोजून घेतले. हात आपोआप चालत होते. काही काळे मणी कमी भरले, ते नळाच्या मोरीत गेले असणार. तेवढे धंद्याच्या पेटीतून घातले.

"आधी गळ्यात बांधायला दोरा दे," त्या म्हणाल्या. "मला असं बसवत न्हाई."

हळदीच्या दोऱ्यांचा जुडगा रमाकांतनी खिळ्याला अडकवलेला होता, तसाच होता. मी एक दोरा सोडवला, त्यात काळा मणी ओवला आणि लांबूनच हात पुढे केला. त्यांनी दोरा घेतला, गळ्याशी नेला आणि कळ येऊन हात खाली आणला.

"खांदा धरलाय. हात मागं जात न्हाई. तू बांध."

माझे हात जागच्या जागी राहिले. ओवणं वेगळं. ते पाटावर होतं, दोऱ्याशी होतं. पण सवाष्ण बाईच्या गळ्यात, तिच्या हळदीच्या दिवशी, मी?

"तनुजा," मी म्हणाले, "तू बांध गं आक्कांना."

"मी?" ती पुढे आली. "बांधते की. कशी, बुटाच्या नाडीसारखी?"

"थांब गं पोरी," आक्का म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बोर्डावर नाव कुणाचं हाय? हिचं का तुझं? मग गाठ हिनं का मारायची?"

तेव्हा मात्र मी बोलून टाकलं. एवढे महिने रुमालाच्या पुरचुंडीत गुंडाळून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "आक्का, तुम्हाला माहीत आहे ना, माझं काय झालंय ते? मी पायरीवर बसले तर बायका गळ्यावर हात धरून पळाल्या. संध्याकाळी तुमच्या नातीची हळद आहे. उद्या काही कमी-जास्त झालं तर सगळे म्हणतील, वैजयंताचा हात लागला होता. तुम्हीही म्हणाल. नको मला ते. मी ओवून देते, पण गळ्यात बांधायला सांगू नका."

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असं मला वाटलं.

"तुझा सासरा कोण गं?"

"कोण म्हणजे? दामूअण्णा."

"आन सासू?"

"मी बघितल्याच नाहीत. हे लहान होते तेव्हाच गेल्या."

"व्हय. रमाकांत शाळंत बी जात नव्हता. मातीला आले हुते मी." त्यांनी दोरा मांडीवर ठेवला. "त्याच्यापुढं दामूअण्णानं किती वर्सं डोरली ओवली? माझ्या थोरल्या लेकीचं लग्नातलं त्यानंच ओवलं. माझ्या सुनांची त्यानं ओवली. ह्या गल्लीत आली त्या हरेक नवरीचं पहिलं डोरलं दामूअण्णाच्या हातचं. बायको मेलेला गडी, विधुर. कुणी म्हणलं का त्याला, नको रं बाबा, तुझा हात नको?"

मी वळून भिंतीकडे बघितलं.

"मी बी म्हणले न्हाई," आक्का म्हणाल्या. "कुणाच्या डोक्यातच आलं न्हाई. मग तुझ्यातच काय वंगाळ हाय?"

भिंतीवर सासूबाईंचा आणि अण्णांचा फोटो शेजारी शेजारी लावलेला आहे. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून रोज सासूबाईंना, आणि अण्णा गेल्यापासून दोघांना, मी हार घालत आले. अण्णांना पायरीवर बसून, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ओवताना मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांच्याकडूनच गाठ शिकले. आणि तरी ही गोष्ट माझ्या मनात कधी आली नव्हती. पायरीवरून उठून घरी आले तेव्हा नाही, नानाशेठचा रुमाल घेताना नाही, कधीच नाही. मला आधी हसू आलं. मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मग दोन्ही एकदम. तनुजाला वाटलं, मला काहीतरी झालं. ती पाणी आणायला आत पळाली.

"रडून झालं का?" आक्का म्हणाल्या. "साडेपाचला मला घरातनं निघायचंय."

मी त्यांच्या मागे बसले, पदर बाजूला केला आणि दोरा बांधला. मानेवर जुन्या डोरल्याचा वळ होता, नेमका त्यावर. आक्कांनी चाचपून बघितलं आणि हुश्श करून भिंतीला टेकल्या. एवढा वेळ घट्ट धरलेला पदर त्यांनी तेव्हा कुठे सोडला.

मग मी दोऱ्याला मेण लावलं आणि ओवायला बसले. दार सताड उघडं होतं. उजेड पाटावर येत होता. आणि समोर बसलेली बाई बोलत होती. नातीचा नवरा शिकलेला आहे पण बोलतच नाही. विहीणबाईंनी साड्यांवरून तोंड वाकडं केलं. आक्कांच्या यजमानांनी, तात्यांनी, मांडववाल्याला शिव्या घातल्या, आता तो खुर्च्या कमी आणणार. मी गाठी मारत ऐकत होते. रमाकांत जेवताना सांगायचे ते हे असं ऐकलेलं असायचं तर. कपाटात चार दिवस ठेवलेल्या डोरल्याबरोबर यातलं काहीच यायचं नाही.

"काकी, अशाच राहा, हलू नका," बाहेरून तनुजा ओरडली आणि तिने फोटो काढला. "बोर्ड, उघडं दार, मालक. सगळं आलं. आक्कासुद्धा आल्या, पण चालेल."

"मी कशाला गं?"

"आक्का, सरकारला कळू दे, काकींकडे गिऱ्हाईक आहे ते."

नेमके तेव्हा नानाशेठ आले. समोर वर राहायचे ते. झोपून उठले असतील आणि खिडकीतून बोर्ड दिसला असेल. धोतराचा सोगा सावरत पायरी उतरतानाच बोलायला लागले, "वैजयंता, झाला का फोटो? मग उतरव की लवकर, कुणी बघितलं तर…" आणि दारात येऊन थबकले.

"ये नाना," आक्का म्हणाल्या. "तुझी सांगली सापडली बग. समोरच हुती."

नानाशेठचा चेहरा उतरला. "आक्का, मी… म्हणजे… हिचं घर चालावं म्हणून केलं हो. वाईट हेतू नव्हता."

"हेतू वाईट न्हवता, ते ठावं हाय मला. घर बी चालवलंस. पर चार म्हयने माझ्या गळ्यात सेफ्टी पिन घालून ठिवलीस, त्याचं काय?"

"बायका नको म्हणाल्या असत्या."

"मला विचारलंस? कुणाला विचारलंस?"

नानाशेठनी धोतराचा सोगा उगीच पुन्हा सावरला. मी मान खाली घालून शेवटची गाठ आवळत होते, पण मला आतून इतकं मोकळं वाटत होतं की त्यांनी तिथल्या तिथे माझं काम काढून घेतलं असतं तरी त्या घटकेला मला काही वाटलं नसतं. दुसऱ्या दिवशी वाटलं असतं, ती गोष्ट वेगळी.

डोरलं झालं. मी ते आक्कांच्या गळ्यात घातलं, मागची गाठ पक्की केली, हळदीचा दोरा सोडला. आरसा दिला. त्यांनी वाट्या पदरावर सरळ केल्या आणि माझी ओवणावळ काढून हातावर ठेवली. मी नको नको करायला लागले तर डोळे मोठे केले. "बोहनी हाय ही. बोहनीला नको म्हणायचं नसतंय. धंदा करायचाय का न्हाई तुला?"

मी पैसे कपाळाला लावले. नानाशेठ दारातच उभे होते. आक्का त्यांच्या अंगावरूनच बाहेर पडल्या आणि गल्लीतून छाती पुढे काढून चालत गेल्या. डोरलं पदराच्या वर होतं, सगळ्यांना दिसेल असं.

तनुजानेही मोबाईल बॅगेत टाकला. "दाखला आला की फोन करते," म्हणाली आणि गेली. नानाशेठही घरी गेले. मी एकटी राहिले. बोर्ड उतरवायचा होता. मी स्टूल दाराशी ओढलं, वर चढले, सुतळीला हात घातला, आणि खाली उतरले. चहा केला, प्याले. परत चढले, परत उतरले. गाठ माझीच होती, सुटली नसती असं काही नाही. पण मला ती सोडवेना.

दिवेलागणीला नानाशेठ परत आले. नेहमीसारखाच आतल्या खिशात हात होता. मला वाटलं, हिशोब मिटवायला आले.

"हळदीहून दोघी घरी आल्या होत्या," ते म्हणाले. "सांगलीला दिलेली डोरली परत मागतायत. म्हणाल्या, आम्ही वैजयंतासमोर बसून ओवून घेणार. आणखी येतील म्हणाल्या." त्यांनी समोर आपल्या दुकानाकडे बघितलं. "एकीने विचारलं, नानाशेठ, सांगलीचं भाडं पण लावत होता का? मी काय बोलणार?"

मला हसू आवरेना. तेही हसले, आणि त्यांना हसताना बघून मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

"दाखला आला की तुझं बिलबुक छापून घे," ते म्हणाले. "माझ्याकडे आलेलं गिऱ्हाईक मी इकडेच पाठवतो. माझं काही देणं असेल तर तुझ्या नावाने बिल फाड." मग बोर्डाकडे बघितलं. "आणि हा बोर्ड."

"उतरवते, नाना," माझ्या तोंडून सवयीने गेलं.

"उतरवतेस कशाला? सुतळीवर किती दिवस टिकणार तो? जरा वारं आलं की खाली येईल." त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, तीच, ज्यातून इतके महिने डोरली यायची. उघडली. आत खिळे होते. दुसऱ्या हातात, पाठीमागे धरलेली हातोडी. "सरक, मी ठोकून देतो."

त्यांनी स्टुलावर पाय ठेवला, आणि मी हातोडी त्यांच्या हातातून घेतली.

"माझा बोर्ड मी ठोकते," मी म्हणाले. "तुम्ही स्टूल धरा."

नानाशेठ खाली उतरले आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून उभे राहिले.